निवाऱ्यातून भाड्याच्या खोलीत: मुंबईतील बेघर व्यक्तीला सोबत करण्याची कार्यपद्धती

मुंबईत बेघर निवारा चालवणाऱ्या लहान संस्था आणि त्यांच्याबरोबर काम करणारे स्वयंसेवक यांच्यासाठी ही मांडणी केली आहे. निवाऱ्यात जागा मिळालेल्या माणसाला स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या कमाईवर राहण्यापर्यंत सोबत कशी करावी, एवढाच तिचा विषय आहे. माझा अनुभव असा की खोली मिळवून देणे हे एकंदर कामाचे निम्मेच असते, आणि आपला बहुतेक निधी व उत्साह त्याच निम्म्यावर खर्ची पडतो. खोली सुटते ती पहिल्या तीन-चार महिन्यांत, आणि ती का सुटणार हे बहुधा खोली घेण्यापूर्वीच ठरून गेलेले असते.

दादरच्या फुलबाजारात हमाली करणाऱ्या एका गृहस्थांना आम्ही नालासोपाऱ्याला खोली पाहून दिली होती. भाडे परवडणारे होते, मालक भला होता, पाण्याचा नळ दाराशीच होता. पाचव्या दिवशी ते बाजारालगतच्या फुटपाथवर पुन्हा झोपलेले दिसले. विचारले तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की मालाच्या गाड्या उजाडण्याच्या पुष्कळ आधी येतात, आणि लोकल पकडून दादरला पोहोचेपर्यंत दुसऱ्या हमालांनी माल उचललेला असतो. खोली ठेवावी तर काम जाते, आणि काम गेले की खोलीही राहत नाही. चूक सर्वस्वी आमची होती. आम्ही घरमालकाला भाडे विचारले होते, राहणाऱ्याला कामाची वेळ विचारली नव्हती.

निवारा म्हणजे नेमके काय, आणि त्याच्या मर्यादा

२०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर व्यक्तींची नोंद झाली. हा आकडा एका रात्रीच्या मोजणीचा आहे आणि रात्री सतत जागा बदलणारी माणसे अशा मोजणीतून सहज निसटतात, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या अधिकारासंबंधीच्या याचिकेत २०१० साली मोठ्या शहरांना दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा उभारण्यास सांगितले, आणि २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातील शहरी बेघर निवारा योजनेने तोच निकष घेतला. प्रत्येक निवाऱ्यात किमान ५० जणांची सोय आणि माणशी किमान ५० चौरस फूट जागा, असे तिचे माप होते. मुंबईची २०११ ची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख धरली तर शहरात सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही नाही. म्हणूनच निवाऱ्यातली एक जागा रिकामी होणे हे आत असलेल्या माणसाइतकेच बाहेर पावसात उभ्या असलेल्या माणसासाठीही महत्त्वाचे असते. मात्र जागा रिकामी करण्याच्या घाईने कोणालाही खोलीत ढकलू नये, कारण तो परत येतो तेव्हा त्याची बचत संपलेली असते आणि आपल्यावरचा विश्वासही.

येथे एका वादाचा उल्लेख केला पाहिजे. आधी दारू सोडा, नोकरी टिकवा, शिस्त दाखवा आणि मग खोलीचे बोलू, अशी पायरीपायरीची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सुरू झालेल्या ‘हाउसिंग फर्स्ट’ या पद्धतीने हा क्रम उलटा केला: आधी घर, आणि उपचार किंवा समुपदेशन घेणे राहणाऱ्याच्या इच्छेवर. मुंबईत बेघरांना थेट देता येतील अशी सार्वजनिक भाड्याची घरे नाहीत, त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी येथे आणता येत नाही. परंतु तिच्यातले एक तत्त्व जरूर घ्यावे. व्यसन पूर्ण सुटणे ही खोलीची पूर्वअट ठेवू नये. भाडे वेळेवर देणे आणि शेजाऱ्यांशी भांडण न करणे या दोन गोष्टी जमत असतील, तर बाकीचे खोलीत राहूनही सुधारता येते. फुटपाथवर राहून मात्र सहसा सुधारत नाही.

पहिला महिना: विचारण्याऐवजी ऐकणे

निवाऱ्यात येणाऱ्या माणसाने आयुष्यात पोलीस, रुग्णालय, महापालिका आणि संस्था यांचे पुष्कळ फॉर्म पाहिलेले असतात. पहिल्याच दिवशी गाव, जात, घर सोडण्याचे कारण आणि व्यसन यांची चौकशी केली तर तो ठरावीक उत्तरे देतो आणि ती नोंदवही पुढे कोणाच्याच उपयोगी पडत नाही. पहिल्या आठवड्यात नाव, वय, चालू असलेली औषधे आणि अडचणीत कोणाला कळवावे एवढेच लिहावे. त्याच आठवड्यात दोन वस्तू मात्र अवश्य द्याव्यात: निवाऱ्याचे छायाचित्रासह ओळखपत्र आणि कुलूप लावता येईल अशी पत्र्याची पेटी. ओळखपत्राचे महत्त्व असे की १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे आणि त्याखाली उचलून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात नेले जाण्याची धास्ती प्रत्यक्ष भीक न मागणाऱ्या बेघरांनाही असते. पेटीचे महत्त्व ज्याने कधी उशाखाली चप्पल ठेवून रात्र काढली असेल त्याला सांगावे लागत नाही.

त्या महिन्यात कार्यकर्त्याने एक दिवस त्या व्यक्तीबरोबर तिच्या नेहमीच्या जागी जावे: कोणता नाका, कोणते सुलभ शौचालय, उधारी ठेवणारा चहावाला कोण, सामान सांभाळणारा पानवाला कोण. बेघर माणूस एकटा असतो हा गैरसमज आहे. त्याचा एक गोतावळा असतो, आणि खोली घेताना तो गोतावळा किती लांब जाणार याचा हिशेब भाड्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

कागदपत्रे

कागदांचे काम दुसऱ्या महिन्यापासून सुरू करावे आणि त्यात क्रम सांभाळावा. सुरुवात आधारपासून होते. येथे नेहमी होणारी चूक अशी की माणसाकडे कार्ड दिसत नाही म्हणून आपण थेट नवी नोंदणी करतो. अनेकांची नोंदणी पूर्वी कुठे तरी झालेली असते, कार्ड हरवलेले किंवा सामानासकट उचलले गेलेले असते. मग बोटांचे ठसे जुळल्यामुळे नवी नोंदणी नाकारली जाते आणि काही आठवडे वाया जातात. म्हणून पूर्वी कधी बोटांचे ठसे दिल्याचे आठवते का हे आधी विचारावे, आणि शंका असल्यास आधार केंद्रात जुना क्रमांक शोधण्याची विनंती करावी. विटा-सिमेंटचे काम केलेल्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. अशा वेळी डोळ्यांच्या नोंदीवर भर द्यावा. पत्त्याच्या पुराव्यासाठी मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात सही-शिक्क्यानिशी दिलेले प्रमाणपत्र चालते. हे प्रमाणपत्र तीन महिनेच ग्राह्य असते, तेव्हा ते आधी करून फाइलमध्ये ठेवू नये. केंद्रात जाण्याच्या आठवड्यातच द्यावे.

बँक खाते हे त्यानंतरचे काम. आधार असल्यास जनधन योजनेतील शून्य शिल्लक खाते उघडता येते. कोणतेही अधिकृत ओळखपत्र नसल्यास बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा आणि छायाचित्र देऊन ‘लहान खाते’ उघडण्याची तरतूद आहे. त्यात शिल्लक ५० हजार रुपयांपर्यंत, वर्षभरात जमा एक लाखापर्यंत आणि महिन्याला काढता येणारी रक्कम १० हजारांपर्यंत, अशा मर्यादा आहेत; बारा महिन्यांत ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर मुदत आणखी बारा महिने वाढते. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला ही तरतूद माहीत असेलच असे नाही. वाद न घालता शाखा व्यवस्थापकांना भेटावे आणि मागणी लेखी द्यावी.

मतदार नोंदणीसाठी बेघर व्यक्तीला पत्त्याचा कागद लागत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. नमुना ६ मध्ये ती जेथे झोपते ती जागा लिहावी. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने एकाहून अधिक रात्री तेथे जाऊन ती व्यक्ती खरोखर तेथेच झोपते याची खात्री करावी, अशी निवडणूक आयोगाची पद्धत आहे. मतदान हा एक भाग झाला. छायाचित्र असलेले आणखी एक ओळखपत्र हाती येते, हा दुसरा.

शिधापत्रिकेचे काम सर्वांत चिवट. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबात नाव लागले तर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, पण एकट्या पुरुषाचे ‘कुटुंब’ मानून घ्यायला शिधावाटप कार्यालयात फेऱ्या माराव्या लागतात. गावाकडे त्याच्या नावावर शिधापत्रिका चालू असेल तर नव्या अर्जाच्या मागे लागू नये. ‘एक देश एक शिधापत्रिका’ योजनेमुळे त्याच क्रमांकावर मुंबईतल्या दुकानात धान्य घेता येते. निराधार किंवा अपंग व्यक्तीसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि ६५ वर्षांपुढील व्यक्तींसाठी श्रावणबाळ योजना आहे. पण त्यांतील महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिल्याच्या पुराव्याची अट फुटपाथवर पंचवीस वर्षे काढलेल्या माणसालाही अडवते. जुना रुग्णालयाचा केसपेपर, मुलांचा शाळेचा दाखला, दंडाची पावती, काहीही जुने तारखेचे सापडले तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवायला सांगावे.

तब्येत आणि पैसा

क्षयरोगाची तपासणी निवाऱ्यात आल्यावर लगेच करून घ्यावी, कारण दाटीच्या जागेत एकाचा आजार सर्वांचा होतो. औषधे सरकारी यंत्रणेतून मोफत मिळतात. औषधोपचार चालू असताना खोली बदलायची असेल तर ज्या केंद्रातून औषधे मिळतात तेथे आधी सांगून नव्या पत्त्याजवळच्या केंद्रात नाव वर्ग करून घ्यावे, नाहीतर मधले पंधरा दिवस गोळ्यांविना जातात.

मानसिक आजारातून सावरलेल्या व्यक्तीला थेट एकट्याच्या खोलीत पाठवणे बहुधा घाईचे ठरते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात रुग्णालय आणि घर यांच्यामधल्या टप्प्यांची, म्हणजे मधल्या टप्प्याचे निवास (हाफ-वे होम) आणि आधारासह निवास यांची तरतूद सरकारने करावी असे म्हटले आहे. नुसते जायला घर नाही म्हणून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरच्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम कर्जतची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन अनेक वर्षे करत आहे आणि तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना त्यासाठी २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मात्र ज्याला परत जायला घरच उरलेले नाही त्याच्यासाठी तीन-चार जणांनी मिळून राहायची, दिवसातून एकदा कार्यकर्ता येऊन जाईल अशी लहान जागा हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

पैशाच्या बाबतीत बचतीचा उपदेश न करता हिशेब समोर मांडावा. समजा, हाउसकीपिंगच्या कामातून महिन्याला १२,००० रुपये हाती पडतात. त्यातले साडेचार-पाच हजार भाडे आणि वीज, चार हजार जेवण, हजार रुपये प्रवास आणि मोबाइल. उरलेल्या दोन-अडीच हजारांत साबण, औषधे, गावी पाठवायचे पैसे आणि विडी-तंबाखू. हा कागद त्या व्यक्तीने स्वतःच्या हाताने लिहावा किंवा तोंडाने सांगून लिहवून घ्यावा. निवाऱ्यात असतानाच तीन महिने भाड्याएवढी रक्कम दर महिन्याला खात्यात बाजूला पडते का ते पाहावे. ती पडली तर डिपॉझिटचा मोठा भाग जमतो आणि भाडे भरण्याची सवयही होते. एखाद्या महिन्यात पडली नाही तर कारण पाहावे. ते बहुधा उधळेपणापेक्षा ठेकेदाराने थकवलेला पगार असते, आणि मग काम भाड्याचे नसून कामगार कार्यालयाचे असते. हा पैसा संस्थेने स्वतःकडे ठेवून घेऊ नये. हेतू कितीही चांगला असला तरी दुसऱ्याच्या हातात पैसे देऊन गमावल्याचा अनुभव यातल्या बहुतेकांच्या गाठीशी असतो.

खोली शोधताना

खोलीची पहिली कसोटी कामाची जागा आणि पाळी ही आहे, हे वर आलेच. दुसरी कसोटी पाण्याची वेळ. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. ते सकाळी सहा ते सात येत असेल आणि राहणारा रातपाळीचा सुरक्षारक्षक आठला घरी पोहोचत असेल, तर त्याला रोज पाणी विकत घ्यावे लागेल किंवा शेजाऱ्याच्या उपकारावर राहावे लागेल. तिसरी कसोटी वीज. स्वतंत्र मीटर नसल्यास मालक सबमीटर लावून प्रति युनिट जो दर घेतो तो आधीच लिहून घ्यावा. पावसाळ्यात खोली पाहायला मिळाली तर उत्तमच. भिंतीची ओल आणि गल्लीत साचणारे पाणी उन्हाळ्यात कोणी दाखवत नाही.

एकट्या माणसाला संपूर्ण खोलीच हवी असा आग्रह धरू नये. गिरणगावात कोकणातल्या गावमंडळांच्या खोल्यांमध्ये वीस-वीस चाकरमान्यांनी पेट्या भिंतीला लावून, पाळीपाळीने झोपून आणि खानावळीत जेवून उभे आयुष्य काढले आहे. आजही कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीऐवजी एका खाटेपुरते भाडे देऊन, राहण्याची सोय शहरात अनेक ठिकाणी आहे. भाडे कमी पडते, डिपॉझिट कमी लागते आणि आजारी पडल्यास पाणी द्यायला कोणी तरी असते. स्त्रियांच्या बाबतीत मात्र हिशेब वेगळा: सार्वजनिक शौचालयाचे अंतर, गल्लीतला रात्रीचा उजेड आणि दाराची आतली कडी या तीन गोष्टी भाड्याच्या आधी पाहाव्यात, आणि दोघी-तिघींनी मिळून खोली घ्यावी. मुले असलेल्या कुटुंबाचे स्थलांतर शक्यतो मे महिन्यात करावे. मध्येच करावे लागले तरी शिक्षण हक्क कायद्यानुसार कागदांअभावी किंवा वर्ष सुरू झाले म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

करार लेखी असावा आणि नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा करार) लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. झोपडपट्टीतले मालक हे सहसा करत नाहीत, कारण पुनर्विकासात भाडेकरू हक्क सांगेल अशी त्यांना धास्ती असते. अशा ठिकाणी निदान डिपॉझिटची रक्कम बँकेतून द्यावी, म्हणजे तिची नोंद राहते. काही संस्था करार स्वतःच्या नावाने करतात, कारण मालक संस्थेवर विश्वास ठेवतो. पहिल्या वर्षापुरते हे ठीक आहे, पण करारात प्रत्यक्ष राहणाऱ्याचे नाव आलेच पाहिजे, आणि पुढच्या अकरा महिन्यांचा करार त्याच्या एकट्याच्या नावाने होईल हे मालकाला पहिल्याच भेटीत सांगावे. माणूस बेघर होता हे मालकाला सांगावे की नाही, हा निर्णय राहणाऱ्याचा आहे. आपण खोटे बोलू नये. पण न विचारलेले सांगण्याचीही गरज नसते.

किल्ली हातात आल्यानंतर

खोलीत गेलेला माणूस पहिले काही दिवस झोपत नाही. वर्षानुवर्षे गाड्यांच्या आवाजात झोपलेल्याला शांतता सहन होत नाही. सायनजवळच्या एका खोलीत राहायला गेलेल्या साठीच्या बाईंकडे मी तिसऱ्या दिवशी रात्री गेलो, तेव्हा पलंग भिंतीशी नीट घातलेला होता आणि त्या उंबरठ्यावर, अर्धे अंग गल्लीत ठेवून, किल्ली पदराच्या गाठीत बांधून आडव्या झाल्या होत्या. दार लावले की कोणी तरी बाहेरून कडी घालेल असे वाटते, म्हणाल्या. आम्ही समजूत घातली नाही. सुताराकडून आतल्या बाजूला दुसरी कडी बसवून घेतली आणि बाहेरची काढून टाकली. महिन्याभराने त्या आत झोपू लागल्या.

म्हणून पहिल्या आठवड्यात रोज, पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा आणि पुढे सहा महिने पंधरवड्यातून एकदा भेट द्यावी. भेट ठरवून आणि विचारून द्यावी. ते आता त्यांचे घर आहे, आपल्या तपासणीची जागा नव्हे. गॅसची शेगडी, बादली, हंडा, चटई आणि दोन भांडी एवढे सामान पहिल्याच दिवशी असले म्हणजे पगाराची पहिली रक्कम भांड्यांवर जात नाही. स्वयंपाकाची सवय मोडलेली असते, तेव्हा जवळचे पोळी-भाजी केंद्र दाखवून ठेवावे. रविवार आणि सणाचा दिवस सर्वांत अवघड जातो. कामाला सुट्टी असते, हातात पैसे असतात, आणि जुने सोबती जुन्या जागी बसलेले असतात. ते खोलीवर आले तर काय करायचे, हे आधी बोलून ठेवावे. त्यांना तोडून टाका असे सांगू नये, कारण ते तुटत नाहीत.

भाडे थकले तर मालकाने संस्थेला फोन करावा अशी व्यवस्था करू नये. त्याने राहणाऱ्याशीच बोलावे, आणि राहणाऱ्याने हवे तर आपल्याला बोलवावे. एका महिन्याच्या भाड्याएवढा राखीव निधी संस्थेकडे असावा आणि तो आजारपण किंवा काम सुटणे यांसाठी परतफेडीच्या बोलीवर द्यावा.

खोली टिकली की आधार आणि बँकेतला पत्ता निवाऱ्याचा काढून नव्या खोलीचा करावा. नोंदणीकृत करार असेल तर तो पुरावा म्हणून चालतो. आणि खोली टिकली नाही, माणूस पुन्हा निवाऱ्याच्या दाराशी आला, तर नवा फॉर्म भरू नये. जुनी फाइल काढावी, त्याच्या पेटीचा क्रमांक तोच ठेवावा, आणि या वेळी खोली कोणत्या कारणाने सुटली ते त्याच्याच शब्दांत त्या फाइलमध्ये लिहून घ्यावे.